निळ्या फाटकापाशी थांबा

लीड्सच्या मराठी मंडळींत कुणाचं लग्न ठरलं, की ती बातमी मुलीच्या मावशीच्या आधी यमुनाकाकूंना कळायची. कारण हॉल बुक व्हायच्या आधी हनिमून बुक व्हायचा, हनिमून म्हटला की मॉरिशस, आणि मॉरिशस म्हटलं की लावा काकूंना फोन. बाई नाइट ड्यूटी करून आडवी झालेली असो, नवऱ्याला हॉस्पिटलमध्ये सोडायला निघालेली असो, फोन यायचाच. “काकू, बेस्ट बीच कुठला हो?”

आता काय सांगायचं या लोकांना! काकूंना धड पोहता येत नव्हतं. ज्या बेटाच्या चहूबाजूंनी समुद्र, तिथे जन्माला येऊन त्या समुद्रात गुडघ्यापर्यंत शिरल्या होत्या त्या फक्त गणपती बोळवायला. बाकी त्यांचं बालपण सगळं उसात गेलं. पणजोबा रत्नागिरीकडून करारावर ऊस तोडायला गेले. बोटीवरून उतरल्यावर गोऱ्या साहेबाने नाव विचारलं, त्यांनी ‘बाबाजी’ सांगितलं, आणि तेच पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. वडीलही उसातच राबले. थोरली यमुना शाळेत हुशार निघाली, इंग्लंडला नर्सा हव्यात अशी जाहिरात आली, आणि सत्तर साली एकोणीस वर्षांची पोर एक पेटी घेऊन यॉर्कशायरच्या थंडीत येऊन पडली. पुढे नागपूरच्या हरीशशी लग्न झालं. तो गिरणीत इंजिनिअर. नंतर गिरणी बंद पडली, यमुना मात्र वॉर्डची सिस्टर झाली.

पण हे ऐकायला वेळ कुणाला आहे? मंडळात कुणी नवीन आलं की ठरलेलं. “अय्या, मॉरिशसच्या? मग मराठी कुठे शिकलात? किती गोड बोलता!” काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आईच्या मांडीवर शिकले, तुम्ही कुठे शिकलात, असं विचारायचं अगदी जिभेवर यायचं. मग हरीशभाऊ हळूच कोपर मारायचे आणि काकू समोरचा ढोकळा तोंडात टाकायच्या.

दोन हजार सातच्या जून महिन्यात गिरीश घरी आला. हा मंडळाचा सेक्रेटरी. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, तोंडाने गोड आणि कानाने जरा कमी. म्हणजे ऐकू सगळं यायचं, ऐकून घ्यायचा नाही. मंडळातली चार कुटुंबं मिळून मॉरिशसला निघाली होती आणि पठ्ठ्या लॅपटॉप घेऊनच बसला.

“काकू, जुलै एन्डला निघतोय. मुलांच्या समर हॉलिडेज लागल्या की लगेच.”

“स्वेटर घ्या,” काकू म्हणाल्या.

गिरीश हसला. “काकू, ट्रॉपिकल आयलंड आहे ते!”

“असू दे ट्रॉपिकल. विषुववृत्ताच्या खाली आहे ना? जुलैत तिकडे हिवाळा. मधल्या पठारावर तर सारखी भुरभुर आणि वारा. तिथल्या एका गावाच्या मध्यावर जुना ज्वालामुखी आहे, त्याच्या काठावर उभं राहिलं की दात वाजतात.”

“ते तुमच्यासाठी हो. आम्ही काय, यॉर्कशायरवाले.”

“अरे बाबा, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी यॉर्कशायरवाली आहे!”

हरीशभाऊ खुर्चीतून म्हणाले, “गिरीश, स्वेटर घे. मी एकदा नाही घेतला, अजून ऐकतोय.”

गिरीशने लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं. स्वेटर नसणारच ते. मग प्रश्नांचा पाऊस पडला. सात रंगांची माती खरंच सात रंगांची आहे की फोटोत तशी करतात? लगूनमध्ये शार्क येतात का? काकूंनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. बेटाभोवती पोवळ्यांचा कठडा आहे, शार्क त्याच्या बाहेरच राहतात. डोंगरावरच्या तळ्याला गंगा म्हणतात, शिवरात्रीला सगळं बेट कावडी घेऊन तिकडे चालत जातं. सेगा नाच बघायचा तर हॉटेलातला नको, तो पगारी असतो. रस्त्यावर सायकलवाला दालपुरी विकतो ती खा, त्याच्यापुढे तुमचा बुफे झक मारतो. बोलायला क्रियोल, तिकडची फ्रेंच वळणाची बोली, पण मराठी म्हाताऱ्या माणसांना अजून मराठी येतं. आणि दर गणपतीत तिथे घरोघर जाखडी नाचतात, तुम्ही पुण्यात ढोल बडवता तसं नाही.

“सुपर,” गिरीश म्हणाला. “काकू, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं ब्रोशर आहात!”

ब्रोशर! काकूंनी एक दीर्घ श्वास घेतला. कारण आता त्यांना मागायचं होतं, आणि मागताना चिडून चालत नाही.

“गिरीश, माझं एक काम कर. पश्चिमेच्या बीचवर जाताना पक्ष्यांचा पार्क लागतो. तुम्ही जाणारच तिथे, सगळे जातात. त्याच्या जरा अलीकडे, उसाला लागून, डाव्या हाताला निळं फाटक आहे. आत फणसाचं झाड आहे. तिथे माझी आई राहते. निळ्या फाटकापाशी थांबा, पाच मिनिटं. तिला बघा, तुम्हाला बघू द्या. आणि एवढं द्या.”

त्यांनी पुडकं पुढे केलं, वर पत्त्याची चिठ्ठी टाचलेली. आत मरून रंगाचा लोकरीचा स्वेटर होता. पहाटे उसावरून वारा येतो आणि आये नुसता पदर लपेटून अंगणात बसते, म्हणून काकूंनी तो स्वतः विणला होता, वॉर्डमधल्या चहाच्या सुट्टीत.

हे काही पहिल्यांदा नव्हतं. तोंडावर सगळे हो म्हणायचे. परतल्यावर एकाने बिस्किटांचा डबा जसाच्या तसा आणून दिला, “टाइमच नाही झाला हो काकू.” दुसऱ्याने डबासुद्धा आणला नाही. फिजिओ करणाऱ्या शशीने तर कमालच केली. “पॅकेजमध्ये नव्हतं ना ते.” काकूंची आई पॅकेजमध्ये नव्हती!

मग काकू स्वतः का नव्हत्या जात? हरीशभाऊंच्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. एकदा रुग्णांना ने-आण करणाऱ्या गाडीने त्यांना गार कॉरिडॉरमध्ये इतका वेळ ताटकळत ठेवलं, की त्या दिवसापासून काकूंनी कुणावर म्हणून भरवसा ठेवला नाही. गाडी त्या चालवणार, शाल त्या पांघरणार, मशीनच्या नळ्यांकडे डोळे वटारून त्याच बघणार. वडील गेले तेव्हाही जाता आलं नाही. आयेला शेवटचं बघून सहा वर्षं झाली होती. तिचे डोळे मोतीबिंदूने अधू झालेले. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, तू आल्यावर करू. काकूंना आतून एकच भीती पोखरत होती. आपण पोचेपर्यंत म्हातारी राहील ना?

“काकू, डन. प्रॉमिस,” गिरीश म्हणाला आणि पुडकं घेऊन गेला.

काकूंनी लगेच आयेला फोन लावला.

“आये, आमच्याकडची माणसं येणार आहेत. पुढच्या महिन्यात.”

“मराठी माणसं?”

“हो गं. पुण्याची.”

“किती जणं, बायो?”

“असतील दहा-बारा.”

“मग खुर्च्या लागतील,” आये म्हणाली आणि फोन ठेवायच्या घाईला लागली.

ऑगस्टच्या सुरुवातीला मंडळी परत आली. गिरीशचा फोन नाही, काही नाही. काकू दोन दिवस कशाबशा गप्प बसल्या, मग आयेलाच विचारलं.

“आले होते ना,” आये म्हणाली. “गाडी थांबली. घाईत होते बिचारे.”

“बसले का? काही खाल्लं?”

“लांबून आलेली माणसं, त्यांना किती ठिकाणी जायचं असतं.”

“आणि स्वेटर? झाला का अंगात?”

“आता थंडी कुठे राहिली आहे, बायो. तू कशी आहेस? जावईबापू कसे आहेत?”

काकूंना एवढा आनंद झाला, की बाईचं बाकीच्याकडे लक्षच गेलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी निळ्या फाटकापाशी थांबलं होतं! “बघा,” त्या हरीशभाऊंना म्हणाल्या, “पोरगा वाटतो तितका वाईट नाही.” बँक हॉलिडेला मंडळाच्या हॉलमध्ये गिरीश ट्रिपचे फोटो दाखवणार होता. काकूंनी सकाळपासून खपून वाटल्या डाळीचे वडे तळले, मॉरिशसला गल्लोगल्ली मिळतात तसे, हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून. मोठा डबा भरून नेला. पहिला वडा त्यांनी गिरीशच्या हातात स्वतः दिला.

हॉलमध्ये पडदे ओढले, प्रोजेक्टर लागला. समुद्र. समुद्र आणि पाय. समुद्र आणि नारळपाण्यात छत्री. हॉटेलचा स्विमिंग पूल, ज्याच्या पलीकडे समुद्रच होता. काकू मनात म्हणाल्या, अरे, समोर एवढा समुद्र पसरलाय आणि हे टाकीत डुंबतायत. पण आज त्या रागावणार नव्हत्या. मग सात रंगांची माती आली. मग ज्वालामुखीचं ते गाव, धुकं, भुरभुर, आणि काठावर गिरीशची बायको अर्चना, हाताची घडी घालून, कुडकुडत.

अंगात मरून स्वेटर.

“काकू, यू वेअर सो राइट!” अर्चना पुढच्या रांगेतून मागे वळून म्हणाली. “काय थंडी हो! आम्ही कुणीच काही नेलं नव्हतं. बरं झालं तुमचा स्वेटर होता, नाहीतर मी मेलेच असते.”

लोक हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांचं डोकं हिशेब लावत होतं. स्वेटर हिने घातला, ठीक आहे, थंडी होती, घातला असेल. नंतर दिला असेल. आये म्हणाली ना, आले होते म्हणून.

हरीशभाऊंनी त्यांचा हात धरला.

“आता हा बघा,” गिरीश म्हणाला. “क्लासिक टुरिस्ट ट्रॅप. उसाला तुरे आले होते, मागे डोंगर, लाइट एकदम झकास, म्हणून गाडी थांबवली. तर ही आजी! आमच्या ड्रायव्हरला हाका मारतेय, आत या, चहा घ्या, जेवून जा. ड्रायव्हर म्हणतो, ही सांगते इंग्लंडची माणसं येणार होती, मी वाट बघतेय. म्हटलं, हो का! गाडीवर हॉटेलचं नाव बघितलं असणार. इंटरनेटवर वाचलं होतं मी, घरी बोलावतात, खायला घालतात आणि मग बिल लावतात. कुणालाही खाली उतरू दिलं नाही. पण फोटो बघा, काय कलर्स आलेत!”

पडद्यावर निळं फाटक उघडं होतं. फाटकाच्या आत रांगोळी. फणसाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, काही पांढऱ्या, काही हिरव्या, शेजारच्या घरांतून मागून आणलेल्या. टेबलावर झाकलेली पातेली. आणि फाटकात आये, काकूंनी सहा वर्षांपूर्वी नेलेली हिरवी साडी नेसलेली, पदर वाऱ्याने उडतोय तो एका हाताने धरलेला, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. डोळे बारीक करून ती गाडीकडे बघत होती. हसत होती.

“सो क्यूट ना?” कुणीतरी म्हणालं.

काकू उठल्या. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांची सावली सरळ पडद्यावर पडली.

“ती माझी आई आहे,” त्या म्हणाल्या.

मग त्या गिरीशकडे वळल्या.

“निळं फाटक सांगितलं होतं तुला. फणसाचं झाड सांगितलं होतं. डाव्या हाताला, उसाला लागून. अजून काय सांगायचं होतं रे, शिंग फुंकायला हवं होतं का?”

“काकू...” गिरीशचा चेहरा उतरला. “पत्ता त्या पुडक्याबरोबर हॉटेलवर राहिला होता. आम्ही लास्ट डेला जाणार होतो. आणि खरं सांगतो, मी मराठी घर शोधत होतो. ही तर क्रियोलमध्ये बोलत होती.”

“तुझ्या ड्रायव्हरशी मराठी बोलेल ती? तू उतरला असतास तर तुझ्याशी बोलली असती! माझी आई कुणाला बिल लावत नाही रे गिरीश. अख्ख्या आळीच्या खुर्च्या गोळा केल्या तिने तुमच्यासाठी. आणि मला फोनवर सांगते, घाईत होते बिचारे. तुम्हाला बोल लागू नये म्हणून म्हातारी माझ्याशी खोटं बोलली!”

त्यांनी वड्यांचा डबा उचलला, झाकण लावलं, आणि हरीशभाऊंना घेऊन निघाल्या. डबा कशाला उचलला ते त्यांनाही कळलं नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभ्या राहून ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी गिरीश आणि अर्चना दारात. अर्चनाच्या हातात स्वेटर, स्वच्छ धुतलेला.

“काकू, मी वॉश करून आणलाय,” ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

काकूंनी घडी उलगडली. पोरीने लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये टाकला होता, तोही कढत पाण्यात. तो आता चार वर्षांच्या मुलीलाही झाला नसता.

काकूंनी कपाळाला हात लावला. “देवा रे! हा आता आयेला नाही, तिच्या मांजराला होईल.”

हरीशभाऊंना हसू फुटलं. एकदा हसले ते थांबेचनात. गिरीश खाली मान घालून म्हणाला, “काकू, सॉरी म्हणायलाही लाज वाटते. आम्ही काय करू ते सांगा. मी परत जातो हवं तर. ख्रिसमसला तिकीट काढतो.”

“खबरदार!” काकू कडाडल्या. “पुन्हा कुणी जायचं नाही माझ्या आईकडे.”

“बरोबर आहे,” हरीशभाऊ म्हणाले. त्यांचं हसू आता गेलं होतं. “कुणी जायचं नाही. तू जा.”

“आणि तुमचं काय?”

“माझं रक्त मशीन धुतं, यमुना, तू नाही धूत. तू नुसती बाजूला बसून नर्सांना धाक घालतेस.”

“काही काय बोलता! मागे त्या कॉरिडॉरमध्ये...”

“तेव्हा जीव गेला नाही माझा. सर्दी झाली. सहा वर्षं तू ज्याला त्याला आयेकडे पाठवतेस, आणि कुणी गेलं नाही म्हणून जगावर चिडतेस. तिला स्वेटर नकोय गं.”

इतक्या वर्षांत नवरा असं तोंडावर कधी बोलला नव्हता, आणि बोलला तो नेमका या दोघांसमोर. काकूंना त्याचा राग आला, आणि त्या आटलेल्या स्वेटरची घडी घालायला लागल्या.

“काकू,” गिरीश म्हणाला, “सोमवार, बुधवार, शुक्रवार ना? मी नेतो काकांना. मला वर्क फ्रॉम होम मिळतं. मशीनपाशी लॅपटॉप घेऊन बसतो.”

“तू?” काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “तुला डावा हात सांगितला तर कळत नाही.”

“दोन वेळा बरोबर येतो. तुम्ही शिकवा. तुम्हाला पटलं तरच जा.”

दोनदा काय, काकूंनी त्याला पाचदा नेला आणि पाचही वेळा फाडून खाल्ला. शाल कुठे, उशी कुठे, पाणी किती द्यायचं, किती नाही. बिचाऱ्याने एकदाही तोंड वर केलं नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी काकू विमानात बसल्या तेव्हासुद्धा बाजूच्या प्रवाशाला सांगत होत्या, तो विसरणार, बघाच तुम्ही, तो शाल विसरणार.

आयेला त्यांनी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर म्हातारी पुन्हा खुर्च्या मागत फिरली असती. टॅक्सी पक्ष्यांच्या पार्ककडे वळली. ऊस निम्मा तोडून झाला होता. डाव्या हाताला निळं फाटक दिसलं. ते उघडंच होतं.

फणसाखाली आये बसली होती, पदर लपेटून. तिच्या समोर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या.

टॅक्सीचं दार वाजल्याबरोबर ती उठली. डोळे बारीक केले. ती काय बघत असेल ते काकूंना कळत होतं. परदेशी कोट घातलेली, केस कापलेली, हातात बॅग असलेली कुणी बाई. आयेने पदर नीट केला, तांब्या उचलला आणि लगबगीने पुढे आली.

“या, या,” ती शुद्ध, जपून ठेवलेल्या मराठीत म्हणाली. “इंग्लंडहून ना? यमुनाने पाठवलं ना तुम्हाला? बसा. घाईत आहात का?”

रस्ताभर काय काय बोलायचं ते काकूंनी ठरवलं होतं. ऑपरेशनवरून ओरडायचं, खोटं बोलल्याबद्दल ओरडायचं. त्यांनी नुसता तांब्या हातात घेतला. पाणी गार होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आता घाईत नाही, आये.”

आयेचा हात तिथेच थांबला. मग तो वर आला, काकूंच्या गालावरून, कानावरून, कापलेल्या केसांवरून फिरला.

“मेले,” आये म्हणाली, “एवढा उशीर करतात का?” आणि मग ती रडायला लागली.